डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात, माणूस कसा उचलायचा ते नसतं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात म्हाताऱ्या आईवडिलांना घरी सांभाळण्यावर अधूनमधून लेख येतात. मी ते सगळे वाचतो, कारण आमच्या घरात सध्या तेच चालू आहे, वडिलांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट झालं आणि तेव्हापासून मी, बायको आणि दिवसा येणाऱ्या एक मावशी असे तिघं मिळून त्यांचं सगळं बघतो. लेख वाईट असतात असं नाही. पण सूर एकच, की त्यांनी आपल्याला वाढवलं आता आपली पाळी, प्रेमाने बोला, वेळ द्या, एकटं पाडू नका. आणि बाजूला तो ठरलेला फोटो, सुरकुतलेल्या हातावर ठेवलेला एक गुळगुळीत हात. अहो, माया आहे म्हणून तर घरी आणलं ना! त्यावर प्रवचन नको. अंगात अजिबात जोर नसलेला, आपल्याएवढ्याच वजनाचा माणूस पलंगावरून खुर्चीत कसा आणायचा ते सांगा की.

डिस्चार्जच्या दिवशी काय होतं हे ज्याच्या घरी झालंय त्याला माहितीये. सकाळपासून बिलाची गडबड, मग एक फाईल, औषधांची पिशवी, फॉलोअपची तारीख आणि 'आता घरी नीट काळजी घ्या'. नीट म्हणजे कशी, ते विचारायला तोंड उघडेपर्यंत डॉक्टर पुढच्या बेडपाशी. वॉर्डात जे काम दोन शिकलेली माणसं पाळ्या लावून करत होती ते संध्याकाळपासून एकट्या माणसाने करायचं, तेही न शिकता. गाडी शिकवतानासुद्धा कुणीतरी शेजारी बसतं, इथे थेट किल्ली हातात आणि घाट समोर.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरी काळजी घेणाऱ्याला ही हाताने करायची कामं कुणीतरी समोर उभं राहून करून दाखवली पाहिजेत, मग त्याच्याकडून करून घेतली पाहिजेत, आणि हे डिस्चार्जच्या आधी एकदा आणि घरी गेल्यावर परत एकदा झालं पाहिजे. नुसती जबाबदारीची जाणीव करून देऊन कोणाची पाठ वाचत नाही. ना त्यांची ना आपली.

आता कामं म्हणजे काय काय, थोडं सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्यावर वेळ आलेली नाही त्यांना वाटतं की जेवण भरवलं, औषध दिलं, झालं.

उठवण्याचंच घ्या. आमच्याकडे घरी येणाऱ्या फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवशी दुसरं काही केलंच नाही, फक्त पलंग ते खुर्ची. खुर्ची कुठे ठेवायची तर चांगल्या बाजूला, म्हणजे वडिलांच्या डाव्या हाताला, पलंगाला थोडी तिरकी लावून, चाकाची असेल तर ब्रेक लावून. मग आधी त्यांना कुशीवर करायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि बसवायचं, आणि बसवलं की लगेच उभं करायचं नाही, एक-दोन मिनिटं तसंच बसू द्यायचं, कारण आडव्याचं उभं होताना म्हाताऱ्या माणसाचं ब्लडप्रेशर झपकन खाली येतं, डोळ्यापुढे अंधारी येते आणि पडणं होतं ते नेमकं याच क्षणी. पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली हवीत. मग त्यांना पुढे वाकायला लावायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं पाहिजे. हे आम्हाला कुणालाच सुचलं नसतं, आपण सगळे माणसाला सरळ वर खेचायला जातो. पुढे वाकलं की वजन आपोआप पायावर येतं आणि निम्मं काम त्यांचं तेच करतात. आपला गुडघा त्यांच्या लुळ्या पायाच्या गुडघ्याला टेकवून ठेवायचा म्हणजे तो दुमडत नाही, आणि धरायचं ते कमरेला, पट्टा बांधून किंवा पाठीमागून हात घालून. काखेत हात घालायचा नाही, आणि लुळा हात धरून ओढायचं तर अजिबात नाही, कारण त्या बाजूचे स्नायू ढिले पडलेले असतात, खांदा जागचा सरकतो आणि मग दुखणं कायमचं मागे लागतं. भेटायला आलेले पाहुणे हमखास तोच हात धरून 'उठा की, काय झोपलाय' करतात, तिथे बायको आता सरळ मधे येऊन अडवते.

हे सगळं मॅडमनी दोनदा करून दाखवलं, मग म्हणाल्या आता तुम्ही करा मी बघते. त्या बघत उभ्या होत्या म्हणून जमलं. वाचून जमलं नसतं हेही खरं. तेवढा एक तास कोणत्याही हॉस्पिटलला परवडण्यासारखा आहे असं मला वाटतं.

दुसरं पाठीच्या जखमेचं, बेडसोर. सगळे सांगतात एअर बेड घ्या. घ्या जरूर, पण एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायला सुट्टी मिळाली असं होत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असं नर्सिंगमध्ये शिकवतात, कोणाची कातडी किती नाजूक आणि गादी कशी त्यावर वेळ थोडी मागेपुढे होते ते नर्स किंवा डॉक्टर ठरवून देतात. पण कूस म्हणजे पूर्ण आडवं कुशीवर नाही बरं का, तसं झोपवलं की सगळा भार कमरेच्या बाहेरच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून तीसेक अंशात कलतं ठेवायचं. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची. वर सरकवताना ओढायचं नाही, खाली एक आडवी चादर घालून दोघांनी ती उचलून सरकवायचं, कारण घासलं की वरून काही दिसत नाही आणि आतून कातडी फाटत जाते. आणि रोज अंघोळ घालताना माकडहाड, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. बोट काढल्यावर क्षणभर पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे, भार काढा आणि लक्ष ठेवा. दाबूनही लालच राहिला तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे गरम लागतंय का, कडक लागतंय का, आजूबाजूपेक्षा रंग वेगळा आहे का ते बघावं लागतं. आणि अशा डागावर तेल लावून चोळायचं नाही. प्रत्येक घरात एक जण तरी चोळा म्हणणारा असतोच. मधे भोक असलेली ती गोल रबरी रिंग पण नको, तिच्या कडेवर उलट जास्त दाब येतो.

ही माहिती काही गुपित नाही. कुठल्याही नर्सला विचारा, झोपेत सांगेल. पण ती तिच्याकडे आणि पेशंट माझ्याकडे, ही अडचण आहे.

भरवण्याबद्दल तर बोलायलाच नको. पॅरालिसिस झालेल्यांना पातळ पाणी गिळायला घट्ट पदार्थापेक्षा अवघड जातं हे मला त्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पाणी पटकन घसरतं आणि श्वासनलिकेकडे जातं, म्हणून काही जणांना पाणी दाट करून द्यायला सांगतात, पण ते गिळण्याची तपासणी करून त्यातल्या तज्ज्ञाने ठरवायचं, आपल्या मनाने नाही. सरळ बसवून, हनुवटी जरा खाली, छोटा घास, चांगल्या बाजूने, आणि आधीचा गिळला का बघून मग पुढचा, कारण लुळ्या बाजूच्या गालात घास तसाच साठून राहतो आणि अर्ध्या तासाने झोपेत ठसका लागतो. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. ठसका लागला तर कळतं तरी, काहींना ठसकाही लागत नाही, नुसता आवाज घोगरा, ओला झाल्यासारखा येतो आणि दोन दिवसांनी ताप, छातीत कफ, परत अ‍ॅडमिट. आणि तोंड साफ ठेवणं हे या न्यूमोनियावरचं औषधच आहे असं समजा, तोंडातले जंतूच तर खाली छातीत जातात. कवळी असेल तर रात्री काढून ठेवायची.

गोळ्यांचं एक सांगतो आणि पुढे जातो. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून द्यायची पद्धत घरोघरी आहे, पण स्ट्रिपवर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असं काही लिहिलेलं असेल तर ती कुटायची नसते, ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते आणि कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो. नाव साधं असलं तरी वर लेप असलेल्या काही गोळ्यांचंही तसंच, म्हणून कुटण्याआधी केमिस्टला विचारा, तोच गुण देणारं पातळ औषध बऱ्याचदा मिळतं. हेसुद्धा डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिता आलं असतं.

आणि एक गोष्ट जी माझ्या मते सगळ्यात जास्त लोकांना माहीत असायला हवी. माझ्या सासूबाई, डोकं अगदी तल्लख, एका आठवड्यात अचानक बरळायला लागल्या, रात्री उठून बसायच्या, मुलीला ओळखेनात, सकाळी जरा बऱ्या की संध्याकाळी परत तेच. नातेवाईकांचं निदान तयार, म्हातारचळ लागला, वय झालं आता. निघालं काय तर लघवीचं इन्फेक्शन. औषध झालं आणि हळूहळू पूर्ववत झाल्या. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आणि हा विसरण्याचा आजार नाही. विसरण्याचा आजार, डिमेन्शिया, बहुतेक वेळा महिनेच्या महिने वर्षानुवर्षं हळूहळू येतो, आणि हे काही तासांत नाहीतर दिवसांत येतं, कमीजास्त होत राहतं, आणि मागे बहुतेक वेळा शोधता येण्यासारखं कारण असतं, इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं, लघवी तुंबणं, नवीन चालू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी. म्हणून अचानक बदल दिसला तर वयावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि उलट प्रकारही असतो, माणूस एकदम शांत, गुंगीत, नुसता पडून. तो आणखी फसवा, कारण घरच्यांना वाटतं चला आज त्रास दिला नाही.

कुणी म्हणेल हे सगळं नेटवर आहे, व्हिडिओ आहेत. आहेत, मीही बघतो. पण व्हिडिओतला पेशंट कायम हलका, हसरा आणि सांगेल तसं करणारा असतो, आणि तुम्ही चुकीचं धरलंय हे व्हिडिओ सांगत नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा असतो, की वॉर्डात वेळ कुठे आहे, नर्स किती, पेशंट किती. हे मला मान्य आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शिकवून फरक पडतो का हे तपासून झालेलं आहे. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्रोकच्या, म्हणजे पॅरालिसिसच्या अटॅकच्या, 300 पेशंटच्या घरच्यांवर एक अभ्यास झाला, निम्म्या घरच्यांना डिस्चार्जआधी उचलणं, भरवणं, कातडी सांभाळणं असं प्रत्यक्ष शिकवलं. वर्षभराने त्या लोकांवरचा ताण कमी होता, पेशंट आणि घरचे दोघांचीही मनःस्थिती बरी होती आणि खर्चही कमी आला होता. मग तिथेच 2013 मध्ये 36 स्ट्रोक युनिटमध्ये तशीच शिकवणी मोठ्या प्रमाणावर करून बघितली तेव्हा मात्र फरक दिसला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते करणाऱ्यांनीच असं मांडलं की अटॅकनंतरचे लगेचचे दिवस ही कदाचित शिकवायची योग्य वेळच नसेल. मला हे शंभर टक्के पटतं. त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं, समोरचा काय सांगतोय ते कानावर पडतं आणि निघून जातं. खरे प्रश्न घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पडायला लागतात, आणि तेव्हा विचारायला कुणी नसतं. म्हणून मी वर लिहिलं की घरी आल्यावर परत एकदा. एक घरभेट, ती जमत नसेल तर व्हिडिओ कॉल, पण तुमचा पलंग, तुमचं बाथरूम, तुमचा माणूस बघून.

बाहेर याची पद्धत पडलेलीही आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याने 2014 मध्ये कायदा केला की हॉस्पिटलने पेशंटची काळजी घरी कोण घेणार त्याचं नाव नोंदवायचं, डिस्चार्जआधी त्याला कळवायचं आणि घरी करायची कामं त्याला समजावून द्यायची, आणि नंतर बऱ्याच राज्यांनी तसाच कायदा केला. जर्मनीत 1995 पासून काळजीसाठीचा वेगळा विमा आहे आणि त्यातून घरच्यांसाठी फुकट कोर्स चालतात, लागला तर घरी येऊनसुद्धा शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिमेन्शियाच्या पेशंटना सांभाळणाऱ्यांसाठी आयसपोर्ट नावाची शिकवणी तयार केली आहे. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नाव नोंदवणं. साधी गोष्ट आहे, पण फाईलमध्ये पेशंटचं नाव असतं, डॉक्टरचं असतं, बिल भरणाऱ्याचं तर असतंच असतं. रात्री तीनला कूस कोण बदलणार त्याचं नाव कुठेच नसतं. नाव लिहायची वेळ आली की घरात पण एक चर्चा व्हायला लागते जी एरवी कोणी करत नाही, की हे नक्की कोण करणार आहे. नाहीतर काय होतं, जो जवळ राहतो किंवा ज्याची नोकरी कमी महत्त्वाची समजली जाते, आणि ती बहुतेक वेळा घरातली बाईच असते, तिच्या अंगावर ते न बोलता येऊन पडतं, बाकीचे फोनवरून सल्ले देतात. आमचं फोनवरचं मेडिकल बोर्ड मोठं आहे. ताई रोज विचारते पाणी किती प्यायले, काका विचारतात मालिश चालू आहे ना. राग नाही माझा, त्यांनाही काळजी आहेच. पण एका रविवारी ताई येऊन राहिली, दिवसभर तिने एकटीने केलं, आणि तेव्हापासून तिचे फोन वेगळे झालेत, आता ती विचारते तू झोपलास का.

झोपेचा आणि पाठीचा प्रश्न आहेच. डॉक्टरांकडे काळजी घेणाऱ्यावर किती भार पडलाय ते मोजायला झारिट नावाची 22 प्रश्नांची एक यादी असते, भरायला थोडा वेळ लागतो. फॉलोअपला पेशंटचं ब्लडप्रेशर बघता तसं शेजारी खुर्चीत बसलेल्याला ती यादी द्यायला काय हरकत आहे? आणि भार जास्त निघाला तर महिन्यातून थोडे दिवस त्याला सोडवायला दुसरं माणूस कसं उभं करायचं तेही त्याच वेळी बोलून घ्यावं. त्यावर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं.

आता पेपरकडून काय हवंय ते. ज्येष्ठांच्या पानावर दर आठवड्याला पाव पान द्या, एका वेळी एकच काम, रेषांच्या चित्रांसकट. पलंगावरून खुर्ची. झोपलेल्याखालची चादर बदलणं. झोपल्या जागी केस धुणं. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली राहील अशी पण जमिनीला न टेकता कशी अडकवायची. बाथरूममध्ये दांडी कुठे लावायची. पडलेल्या माणसाला उचलायच्या आधी काय काय तपासायचं, आणि कधी अजिबात उचलायचं नाही. जे कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल असं काहीतरी. लिहिणारे मोठे डॉक्टरच पाहिजेत असं नाही, वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टर, फिजिओ, गिळण्याचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट यांना विचारा, आणि घरी काम करणाऱ्या मावशींनाही विचारा, आमच्या मावशींना डायपर बदलायची जी युक्ती येते ती मी कुठल्या पुस्तकात पाहिली नाही.

आमच्या फिजिओ मॅडमना मी विचारून ठेवलंय, त्या पहिले काही भाग लिहायला तयार आहेत. मानधनाचं त्या बोलल्या नाहीत. त्यांची अट एकच आहे, चित्रात उजवी-डावी बाजू उलटी छापायची नाही आणि छापायच्या आधी त्यांना एकदा दाखवायचं.

आपला,
एक नियमित वाचक